आडोसा

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण सुजूला त्याची गरज पडत नसे. पहाटे आगारात पहिली गाडी गुरगुरली की ती पडल्या पडल्याच म्हणायची, "यवतमाळ." थोड्या वेळानं दुसरी खोकत सुरू झाली की, "नेर." गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आधीच तिला ती कळायची, आणि बाबा दाढी करता करता थांबून म्हणायचे, "बरोब्बर. नेरचीच हाय. तिचा सायलेंसर मीच बांधला काल." आम्ही दारव्ह्याला एसटी आगाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा आगारात मेकॅनिक होते. आई घरी ब्लाउज शिवायची. मी थोरली, आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान सुजाता, म्हणजे सुजू. दिवसभर एका कानात आईच्या मशीनची खडखड आणि दुसऱ्या कानात बसचे हॉर्न, यातच आम्ही मोठ्या झालो. बाबा संध्याकाळी घरी आले की आधी राखेनं आणि साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे. ग्रीसचा वास तरीही जायचा नाही. त्याच हातांनी ते सुजूला उचलून बाहेर ओट्यावर आणायचे आणि आल्या-गेल्या गाड्यांची चौकशी करायचे, जणू दिवसभर आगार तिनंच सांभाळलं होतं.

सुजू जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नाही, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं होतं. तिचे हातपाय ताठ असायचे, मान एका बाजूला कलायची, बोलणं लांबत जाऊन शेवटी तुटायचं. तेव्हा 'दिव्यांग' हा शब्द निघाला नव्हता. सरकारी कागदावर अपंग लिहायचे आणि गल्लीत लुळी म्हणायचे. तिच्यासाठी बाबांनी मोडीत निघालेल्या बसची एक सीट मागून आणली होती, हिरव्या रेक्झिनची, आणि तिला सायकलची दोन चाकं बसवून खुर्ची केली होती. खुर्ची जड होती, वळवताना कुरकुरायची, पण सुजू तिच्यात बसली की प्रवाशासारखी ऐटीत दिसायची. तिला भाकर चावायला जमायची नाही. आई तुरीच्या वरणात भाकर कुस्करून, वर लिंबू पिळून, तिला घास घास भरवायची. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या की राखणीला सुजूच. ती अशी किंचाळायची की बकऱ्या गल्लीच्या टोकावरूनच परत फिरायच्या. तिचं बोलणं आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांनाच कळायचं. बाहेरचं कोणी आलं की मी दुभाषी. ती काहीतरी म्हणायची आणि मग माझ्याकडे पाहायची, मी ते सांगायची वाट बघत.

हे सगळं घरात. शाळेत गोष्ट वेगळी होती. मी आठवीत होते आणि माझ्या बाकावर रश्मी बसायची. तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. तिच्या वेण्यांना रोज नव्या रिबिनी असायच्या आणि ती माझ्याशी बोलते याचाच मला अभिमान होता. एकदा तिनं विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं गं?" मी म्हणाले, "आई, बाबा अन् मी." हे इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. त्यानंतर मी कोणत्याही मैत्रिणीला घरी येऊ दिलं नाही. कधी आईला बरं नसायचं, कधी घराला रंग चालू असायचा. आमच्या घराला त्या वर्षी तीनदा रंग लागला असेल.

त्याच वर्षी उन्हाळ्यात यवतमाळच्या अलीकडे, रस्त्याला लागून, एक मोठं पार्क निघालं. आकाशपाळणा, झुलती नाव, झुकझुक गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या. त्याची रंगीत पत्रकं बसमधून वाटली जात होती. बाबांनी एक घरी आणलं आणि सुजूनं ते उशीखाली ठेवलं. दिवसातून दहादा ते मला काढून दाखवायला लावायची आणि वाकडं बोट आकाशपाळण्यावर टेकवायची. मी विचारलं, "यातच काहून बसाचं तुले?" ती कितीतरी वेळ शब्द जुळवत राहिली. तिचं म्हणणं असं होतं की तिनं बस नेहमी खालूनच पाहिली आहे. वरून बस केवढी दिसते ते तिला पाहायचं होतं. बाबांनी हे ऐकलं आणि त्यांचं ठरलंच. बुद्ध पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी जायचं.

पौर्णिमेची खीर उरली होती ती आईनं सकाळी डब्यात भरली. पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. एका पिशवीत सुजूचा जादा फ्रॉक, दोन चड्ड्या, टॉवेल, आणि आईची एक जुनी साडी. ही दुसरी पिशवी आम्ही कुठंही गेलो तरी बरोबर असायची. आणखी एक गोष्ट असायची, जी मला तेव्हा रीतीसारखी वाटायची. बाहेर जायचं असलं की सुजूला सकाळपासून पाणी द्यायचं नाही. दोन घोट, ओठ ओले करण्यापुरते. सुजूही मागायची नाही. नऊ वर्षांची पोर, मे महिन्यातलं ऊन, आणि ती तहान गिळून बसायची, कारण पाणी न पिणं हे तिच्या बाहेर जाण्याचं तिकीट होतं. आज कोणी मला "तुमच्या बहिणीचा स्वभाव किती सोशिक" म्हणालं की मला ते दोन घोट आठवतात आणि बोलणाऱ्याचा राग येतो.

बसमध्ये काही अडचण आली नाही. गाडी आमच्याच आगाराची, ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचे. त्यांनी खुर्ची टपावर बांधली आणि सुजूला पुढच्या सीटवर, काचेजवळ बसवलं. पार्कच्या फाटकाशी मात्र अर्धा जिल्हा लोटला होता असं वाटलं. सुट्ट्या होत्या, लग्नसराईचे पाहुणे होते, पुसद-उमरखेडकडचे लोक जीप भरभरून आले होते. तिकिटाच्या रांगेत आम्हाला लोकांनी पुढं जाऊ दिलं. "अपंग लेकरू हाय, जाऊ द्या बाप्पा," असं म्हणत माणसं बाजूला सरकली, आणि सरकून पाहत राहिली. बाबांनी चौघांची पूर्ण तिकिटं काढली. खिडकीतल्या माणसानं सुजूकडे पाहिलं, तिकीट फाडलं, काही म्हणाला नाही. त्यानं तेव्हाच काही म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं.

आकाशपाळण्याच्या रांगेत आम्ही तासभर उभे होतो. सुजूची मान वर गेलेली, तोंड उघडं, डोळे पाळण्याबरोबर फिरत होते. आमचा नंबर आला तसं बाबांनी तिला खुर्चीतून उचललं आणि कडेवर घेतलं. पाळणा चालवणारा माणूस आडवा आला.

"हिले नाई बसवता येत."

"मी बसतो ना तिले घेऊन. धरून ठेवतो."

"नाई जमत काका. वर गेल्यावर काही झालं तं? जबाबदारी कोन घेईन?"

"मी घेतो. मी तिचा बाप हाय."

"तुमी घेऊन काय होते? मालकाचा हुकूम हाय. अन् बाकीचे लेकरं भेतात, पाह्यनं." त्यानं खरंच एका मुलाकडे बोट दाखवलं. तो मुलगा आईस्क्रीम खात होता आणि भ्यालेला मुळीच दिसत नव्हता.

मागून कोणीतरी ओरडलं, "चला ना बाप्पा, टाइम कायले खाऊन राह्यले?" मी बाबांना कामगारांच्या सभेत बोलताना पाहिलं होतं. साहेबासमोर टेबलावर हात आपटणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी सुजूला आईकडे दिलं, दोन्ही हात जोडले आणि त्या पोरसवदा माणसाला म्हणाले, "एकच चक्कर, भाऊ. तिनं लय दिवसापासून मनात धरलं हाय." तो म्हणाला, "ऑफिसात जाऊन विचारा." बाबा माझ्याकडे वळले. "ज्योती, तू बस. तू तं बस." आणि मी बसले. पाळणा वर गेला तेव्हा मी हसले, मोठ्यानं, सगळ्यांबरोबर. वरून रस्ता दिसत होता. त्यावरून एक लाल बस चालली होती, काडेपेटीएवढी. खाली आईजवळ हिरव्या खुर्चीत एक ठिपका वर तोंड करून बसला होता. दुसऱ्या फेरीला मी खाली पाहिलंच नाही.

उतरले तेव्हा बाबा ऑफिसकडे गेले होते. सुजूनं विचारलं, "केवढी?" मला कळलं ती काय विचारते आहे. मी म्हणाले, "दिसली नाई. झाडं होते मधात." ती रडली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते आणि त्यांना भेगा गेल्या होत्या. जवळच रसवंतीचं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं. आई पुऱ्यांचा डबा उघडत होती. मी तिच्याकडून पैसे घेतले आणि सुजूला उसाचा रस पाजला. एक ग्लास, मग आणखी एक. आईनं पाहिलं. तिनं "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

व्हायचं ते अर्ध्या तासात झालं. सुजू म्हणाली, "आई," आणि तिच्या आवाजावरून आम्हाला कळलं. बायकांच्या संडासाला चार पायऱ्या होत्या, दार अरुंद होतं, आणि बाहेर पंधरा-वीस बायकांची रांग. आई सुजूला कडेवर घेऊन पुढं गेली तर एक बाई म्हणाली, "लाइनीत या, आमचे बी लेकरं हाय." आई म्हणाली, "बाई, हिले थांबवत नाई." ती बाई बाजूला झाली, पण आतलं दार उघडेना. आई दार वाजवत राहिली आणि सुजूचा फ्रॉक ओला झाला. सुजूनं डोळे मिटून घेतले. तिच्या पायांवरून पाणी पायऱ्यांवर उतरलं आणि रांग पदर सावरत दोन पावलं मागं गेली.

आई तिला घेऊन पाण्याच्या पंपाच्या खोलीमागं गेली. तिथं तारेचं कुंपण होतं, थोडी सावली होती, आणि एका बाजूनं सगळं उघडं. ती उघडी बाजू नेमकी घसरगुंडीकडे जाणाऱ्या वाटेवर. आईनं जुनी साडी काढली, एक टोक कुंपणाच्या तारेला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "घट धर. मी कपडे बदलते तोवर सोडू नको." मी दोन्ही हात वर करून आडोसा धरला. माझ्या पाठीमागं आई टॉवेल जमिनीवर अंथरत होती, सुजूला निजवत होती, तिच्या ताठ पायांतून ओले कपडे काढत होती. तिच्या पायांना घाई कळत नसे. घाई केली की ते आणखी आखडायचे. आई पुटपुटत होती, "झालं, माय, झालं."

आणि वाटेवरून रश्मी आली. तिच्याबरोबर आमच्या वर्गातल्या आणखी दोघी, आणि रश्मीची आई. सगळ्यांचे केस ओले, हातात मक्याची कणसं. रश्मीनं मला पाहिलं आणि लांबूनच हात केला. "ज्योती! तू पण?"

मी साडी सोडली.

हात दुखत होते म्हणून नाही, घाबरून निसटली असंही नाही. मी ती बोटं उघडून सोडली आणि तीन पावलं पुढं चालत गेले, जणू मी त्या पंपाच्या खोलीजवळ सहज उभी होते. रश्मी म्हणाली, "एकटीच आलीस?" मी म्हणाले, "बाबा ऑफिसात गेले." ती माझ्याशी बोलत होती पण पाहत होती माझ्या खांद्यावरून मागं. बाकीच्या दोघीही. वाटेवरची आणखी माणसं थांबली. कोणीतरी म्हणालं, "अरे बाप रे, पाह्य तं." एक पुरुष हसला. मी मागं वळले तेव्हा आई सुजूवर आडवी झाली होती, आपल्या अंगानं जेवढं झाकलं जाईल तेवढं झाकत. आईच्या खांद्याखालून सुजूचा चेहरा दिसत होता. तिनं आता डोळे उघडले होते आणि ती लोकांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

रश्मीच्या आईनंच मुलींना पुढं ढकललं. मी परत गेले आणि साडी उचलली. आई सुजूला फ्रॉक घालत होती. ती वर न बघता म्हणाली, "काहून सोडलं वं?"

"वाऱ्यानं सुटलं."

आईनं तेव्हा वर पाहिलं. माझ्याकडे नाही, कुंपणापलीकडच्या कडूनिंबाकडे. त्याचं एकही पान हलत नव्हतं. मग तिनं सुजूच्या गुंड्या लावल्या.

बाबा आले ते जवळजवळ पळतच. हातात एक चिठ्ठी होती. "देली परवानगी! पाळण्यात नाई म्हणते, पण झुकझुक गाडीत बसू देतो म्हणे. साहेबानं सही देली." तासभर ते ऑफिसच्या दाराशी उभे होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा उजळला होता की त्यांना काही सांगणं कठीण होतं. त्यांनी ओला फ्रॉक पाहिला, आईचा मातीनं भरलेला पदर पाहिला. "काय झालं?"

आई म्हणाली, "काही नाई. आडोसा धरला होता, वाऱ्यानं सुटला."

इतकंच. माझं खोटं तिनं उचललं आणि आपल्या तोंडानं बोलून पक्कं केलं. तेव्हा मला वाटलं, मी सुटले. पुढं मुलं झाल्यावर कळलं की त्या एका वाक्यात आईनं दोन मुलींमधली एक निवडली होती, आणि ज्या मुलीला निवडलं नाही ती तिच्या मांडीवर बसून ऐकत होती. सुजू फक्त "घरी" म्हणाली. हा शब्द कोणालाही कळला असता. बाबांना मात्र त्या दिवशी तो ऐकायचा नव्हता. "अवं, एवढी परवानगी काढली," म्हणत त्यांनी तिला उचललं आणि झुकझुक गाडीच्या डब्यात मांडीवर घेऊन बसले. गाडी तीनदा फिरली. प्रत्येक फेरीला बाबा आमच्याकडे बघून हात हलवायचे, सुजूचाही हात धरून हलवायचे. सुजूनं डोळे घट्ट मिटले होते. आई आणि मी हात हलवून उत्तर देत होतो.

त्या दिवसानंतर सुजू मला काही वाईट बोलली नाही. तिनं फक्त काही गोष्टी बंद केल्या. मी अंघोळीला घ्यायला गेले की ती अंग असं ताठ करायची की मला उचलता यायचं नाही. आई आली की सैल व्हायची. घरी कोणी आलं आणि तिला काही सांगायचं असलं, तर ती माझ्याकडे पाहायची थांबली. दहा-दहादा तोच शब्द म्हणत राहायची, समोरच्याला कळेपर्यंत. लोक अवघडायचे, हसायचे, उठून जायचे. ती म्हणतच राहायची. बाबा म्हणायचे, "सुजूचं बोलणं सुधरून राह्यलं." खरंच सुधारलं. ते का सुधारलं हे मला आणि तिला माहीत होतं.

शाळा उघडल्यावर मी आठवडाभर रश्मीच्या विचारण्याची वाट पाहिली. तिनं विचारलं नाही. कॉलेज संपल्यावर तिच्या लग्नात भेटलो तेव्हा ती सहज म्हणाली, "तुझी बहीण कशी आहे? बाबा उचलून ओट्यावर आणायचे ना तिला, आम्ही जाता-येता पाहायचो." मी विचारलं, "तुला तेव्हा माहीत होतं?" ती म्हणाली, "दारव्हा ते केवढं गं. सगळ्यांनाच माहीत होतं." म्हणजे जे लपवायला मी हात सोडला ते कधी लपलेलंच नव्हतं.

बाबा गेले. सुजू आईबरोबर त्याच घरात राहते. आता तिच्याकडे बॅटरीवर चालणारी खुर्ची आहे, आणि एका बोटानं लॅपटॉप चालवून ती गल्लीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. मी महागाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल एका पार्कला गेली. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, पायांना कॅलिपर लावून चालते. तिनं सगळ्यांत आधी नाव दिलं होतं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, हिची जबाबदारी कोण घेईल? तुम्हीच तिच्या आईला समजावून सांगा." मी तिच्या घरी गेले. चांगल्या शब्दांत समजावून सांगितलं. तिथं गर्दी असते, पायऱ्या असतात, तुमच्याच मुलीचे हाल होतील. तिच्या आईनं मान डोलावली आणि मला चहा दिला. मुलगी दाराआड उभी होती.

सहलीहून आल्यावरच्या रविवारी मी दारव्ह्याला गेले. आई दळण आणायला बाहेर पडली होती. मी सुजूला त्या मुलीचं सांगितलं, आणि मग थांबता येईना म्हणून पंपाच्या खोलीमागचंही सांगितलं. वारा नव्हता. मी सोडली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं. सुजू लॅपटॉपवर कोणाच्या तरी आधार कार्डाचा नंबर भरत होती. तो पूर्ण भरून झाल्यावर तिनं बोट उचललं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"मी लहान होती, सुजू."

"हाव." शब्द जुळवायला तिला अजूनही वेळ लागतो, आणि ती तो घेते. "मी तुह्याहून लहान होती."

मला वाटलं झालं, आता ती काही बोलणार नाही. मी डोळे पुसले आणि तिचा हात धरायला पुढं सरकले. तिनं हात खुर्चीच्या दांड्यावर नेला.

"अन् ताई," ती म्हणाली, "त्या पोरीच्या घरी जाऊन आली, तवा केवढी होती तू?"